सातमाळा बँडची ना-हरकत

आमच्या विद्यापीठाला नावाचं भारी वेड आहे. शिकवण्याचं थोडं कमी आहे, पण हे मी बोललेलं चालत नाही. मी तिथली जनसंपर्क अधिकारी आहे आणि विद्यापीठाबद्दल चांगलं बोलण्याचाच मला पगार मिळतो.

सोयगावच्या बाजूला सातमाळ्याची डोंगररांग आहे. आमचे संस्थापक-अध्यक्ष आप्पासाहेब यांनी तिचं नाव उचललं, त्याला एक गोल बोधचिन्ह जोडलं आणि ‘सातमाळा विद्यापीठ’ म्हणून ट्रेडमार्कची रीतसर नोंदणी केली. त्या दिवशी शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना पेढे मिळाले. मग विधी कक्षात शिवराज आला. शिवराज म्हणजे कडक इस्त्रीचा, हुशार आणि कामाला वाघ. शहरात कुठंही ‘सातमाळा’ ही अक्षरं दिसली की त्याला जेवण गोड लागत नसे. गेटसमोरच्या सातमाळा झेरॉक्सला नोटीस गेली आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी ‘साईकृपा’ होऊन बसला. मागोमाग सातमाळा मेस गेली, सातमाळा केशकर्तनालय गेलं. शिवराजचं सगळंच वायफळ होतं असं मात्र मी म्हणणार नाही. एका क्लासवाल्यानं आमच्या चिन्हाखाली पोरांना खोटे प्रवेश विकायला सुरुवात केली होती. शिवराजनं त्याला सुतासारखा सरळ केला, तेव्हा मीच त्याला चहा पाजला होता.

पण झेरॉक्स झालं, मेस झाली, आणि मग गाडी बँडवर येऊन अडकली. खरोखरची गाडी. मूल्यांकन समितीच्या पाहुण्यांना घेऊन आप्पासाहेब विमानतळावरून येत होते आणि क्रांती चौकात पुढं वरात लागली. पुढं नवरदेव, त्याच्यापुढं नाचणारी पोरं आणि सगळ्यांत पुढं दिव्यांनी लखलखणारी बँडची गाडी. तिच्यावर लाल-हिरव्या बल्बांत लिहिलेलं: ‘सातमाळा ब्रास बँड, शहागंज’. पाहुण्यांपैकी एकानं ते सावकाश वाचलं आणि आप्पासाहेबांना विचारलं, हा तुमचा संगीत विभाग का? बाकीचे पाहुणे हसले. ड्रायव्हरही हसला, हे मला ड्रायव्हरनंच सांगितलं. आप्पासाहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिवराजनं नोटीस तयार केली. ट्रेडमार्कच्या कायद्यात शिक्षण आणि करमणूक एकाच वर्गात मोडतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या विद्यार्थ्यांना ते पहिल्यापासून माहीत असावं. तर त्या वर्गाच्या आधारानं बँडला बजावलं गेलं की ‘सातमाळा’ हे नाव लिहायचं नाही, दाखवायचं नाही आणि उच्चारायचंही नाही. खरं तर बँड विद्यापीठापेक्षा कितीतरी जुना. जो आधीपासून नाव वापरतो त्याचा हक्क कायदा मानतो, आणि शिवराजला ते पाठ होतं. पण लोक नोटीस वाचून घाबरतात, कायदा वाचायला कोणी जात नाही, यावर त्याचा पक्का भरवसा होता.

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्यानं शांतपणे सांगितलं, मॅडम, या प्रकरणात तुमचे हितसंबंध आहेत, तुम्ही लांब राहा. त्याचं बरोबर होतं. त्या बँडमध्ये माझे बाबा क्लॅरिनेट वाजवतात.

माझ्या बाबांचं नाव सांडू. बँड चालवतात फारूखचाचा. दोघं सोयगाव तालुक्यातले, एका गल्लीत वाढलेले. बँड त्यांच्या वडिलांनी काढला. धर्मांतरानंतर माझ्या आज्यानं गावकीची कामं सोडली. आता पोटासाठी काय करायचं हा प्रश्न होता, आणि फारूखचाचांच्या वडिलांकडं एक जुनं क्लॅरिनेट आणि एक ढोल होता. दोघांनी मिळून दोन लाल कोट शिवले आणि समोर दिसणाऱ्या डोंगराचं नाव बँडला दिलं. पुढं बँड शहरात आला, शहागंजात दुकान झालं, आम्ही उस्मानपुऱ्यात राहायला आलो. मी त्याच क्लॅरिनेटवर शिकले. म्हणजे वाजवायला नाही, बाबांनी वाजवलं म्हणून कॉलेज शिकले.

नोटीस पोचली त्या दिवशी मी ऑफिस सुटल्यावर तडक शहागंजात गेले. दुकानात ट्रंपेट खुंट्यांना टांगलेले, खाली फारूखचाचा आणि बाबा चहा पुढ्यात घेऊन बसलेले. चाचांची मुलगी उजमा, जी बँडचा माइक सांभाळते, ती नोटीस तिसऱ्यांदा वाचत होती. मी आल्याआल्या सुरू झाले. वकील माझ्या ओळखीचा आहे, उत्तर मी लिहून देते, आपण जिंकणार, त्या शिवराजला मी बघून घेते.

चाचांनी मला आधी बसायला लावलं. मग म्हणाले की लग्नसराई तोंडावर आहे, कोर्टात उभं राहायला वेळ कुणाला आहे. आणि खरं कारण त्यांनी मागून सांगितलं, माझ्याकडं न बघता.

“तू उनके यहाँ नोकरीला हाय बेटा. आम्ही केस टाकली तर पहिलं तुलाच काढतील. नाव गेलं तर गेलं. तुज्या पोटावर पाय देऊन मला नाव नको.”

मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्यासाठी म्हणून हे लोक आपलं नाव टाकून द्यायला निघाले होते. मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी क्लॅरिनेटची कळ दाबून सोडली, दाबून सोडली.

“गावात तुज्या आज्याला कोनी नावानं हाक मारत नव्हतं,” ते म्हणाले. “काय म्हनून मारत व्हते ते तुला सांगायचं नाय मला. बँड काढला तवा पयल्यांदा लोक म्हनले, सातमाळावाले आले, खुर्च्या टाका. खुर्च्या टाका म्हनले, विशाखा. ते नाव हाय हे.”

पण निर्णय चाचांचा होता. नाव घेणार नाही असं त्यांनी शिवराजला कळवलं, आणि चाचांनी एकदा शब्द दिला की तो पाळायचाच, अगदी शत्रूला दिला असला तरी. दुसऱ्या दिवशी गाडीवरचे बल्ब काढले. मोठ्या ढोलावर नाव रंगवलेलं होतं, त्यावर पांढरं फडकं ताणून बांधलं. कोटांच्या पाठीवर जरीनं नाव भरलेलं होतं, म्हणून कोट उलटे घालायचे ठरले. अस्तर बाहेर, जरी आत. बिचाऱ्या ट्रंपेटवाल्यांना दिवसभर जरी टोचायची.

राहिला प्रश्न पुकाऱ्याचा. तो समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बँडची एक शिस्त आहे, चाचांच्या वडिलांनी घालून दिलेली. वरात निघायच्या आधी सलामी वाजवायची. सलामी संपली की ढोलाचा एक ठोका. मग माइकवरून पुकारा: “आपकी खिदमत में हाजिर है, शहागंज का मशहूर, सातमाळा ब्रास बँड.” मग परत ठोका, आणि त्यानंतर पहिलं गाणं. नाव घेतल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही. ही शिस्त वादकांच्या हातापायांत इतकी मुरलेली की कोणी झोपेत उठवलं तरी ते याच क्रमानं वाजवतील.

आता नाव तर घ्यायचं नव्हतं. कोणी शहाण्यानं पुकारा आखूड केला असता, ‘खिदमत में हाजिर है’ म्हणून थेट गाणं धरलं असतं. आमच्या लोकांना ते सुचलंच नाही. त्यांनी नाव काढलं आणि नावाची जागा तशीच ठेवली.

पहिली वरात उस्मानपुऱ्यातलीच होती, म्हणून मी गॅलरीत उभी होते. सलामी झाली. ठोका पडला. उजमानं खणखणीत आवाजात सुरुवात केली, “आपकी खिदमत में हाजिर है, शहागंज का मशहूर...” आणि ती थांबली. ढोलवाल्यानं काठी वर उचललेली, ती तशीच वर. ट्रंपेट ओठांना, पण फुंक नाही. सगळा बँड उलट्या कोटांत नुसता उभा. वऱ्हाडी एकमेकांकडं बघायला लागले. नवरदेवाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, त्यानं फेटा चाचपला. ती शांतता एवढी वाढली की कुणाला तरी ती असह्य व्हायलाच हवी होती, आणि ती नवरदेवाच्या आत्याला झाली.

“सातमाळा, दुसरं कोन,” आत्याबाई कंबरेवर हात ठेवून ओरडल्या. त्यांच्यामागं पोरं ओरडली, मग सगळी वरात ओरडली. ठोका पडला आणि गाणं सुरू झालं.

रात्री चाचा घाबरेघुबरे होऊन आमच्याकडं आले. हम कुछ नाय बोले, विशाखा, एक लफ्ज नाय बोले, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी त्यांना सांगितलं की नोटिशीत बँडनं उच्चारू नये असं आहे, आत्याबाईंनी उच्चारू नये असं कुठंही नाही. आणि मग मी हसायला लागले ते थांबेचना. बाबांनी मला पाणी दिलं.

त्यानंतर शहराला तो नादच लागला. वरातीला गेलेलं प्रत्येक पोरगं ‘मशहूर’ या शब्दाची वाट बघू लागलं. सिडकोत एका लग्नात वधूपक्ष आणि वरपक्ष यांच्यात कोण मोठ्यानं ओरडतं याची स्पर्धा लागली. लोक दुकानात येऊन विचारायचे, ते गप्प राहणारे तुम्हीच ना, आम्हाला तेच पाहिजेत. कोणी विचारलं की कोट उलटे का, तर चाचा जे खरं ते सांगायचे, आवाज न चढवता: विद्यापीठवाल्यांनी नाव झाकायला सांगितलं आहे. ऐकणाऱ्याचा आवाज मात्र चढायचा. मोबाईलवर रील फिरू लागल्या. एकीत तर ढोलावरच्या फडक्याला कोणीतरी हार घातला होता.

इकडं माझी वेगळीच पंचाईत. विद्यापीठाचं नाव लोकांच्या तोंडी किती येतं याचा अहवाल दर आठवड्याला आप्पासाहेबांपुढं ठेवणं हे माझं काम. ते एक सॉफ्टवेअर मोजतं, आणि त्याला ‘सातमाळा’ एवढंच कळतं. आकडा असा चढला की आप्पासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून शाबासकी दिली. मी म्हणाले, सर, यातला मोठा वाटा बँडचा आहे. त्यांना वाटलं मी ब्रँड म्हणाले. मी दुसऱ्यांदा स्पष्ट सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांना मंत्र्यांचा फोन आला आणि त्यांनी मला हातानंच वाटेला लावलं.

शिवराजला मात्र सगळं कळत होतं. त्यानं दुसरी नोटीस काढायला घेतली. दोन दिवस त्याच्या केबिनचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला की मॅडम, गप्प बसण्याला नोटीस कशी काढायची ते मला कुठंच सापडत नाही. त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला.

आणि अशात आला दीक्षान्त समारंभ. दरवर्षी कुलगुरूंची मिरवणूक बँडच्या मागून मंडपात येते, आणि दरवर्षी तो बँड चाचांचा असतो, इतकी वर्षं त्याचं नाव कोणाला खुपलं नव्हतं. या वर्षीचं बोलावणं नोटिशीच्या आधीच गेलेलं होतं. शिवराज म्हणाला, रद्द करा. मी म्हणाले, करते, दुसरा बँड तू आण. त्यानं पैठणपासून जालन्यापर्यंत फोन केले. लग्नाची दाट तिथी होती, एकही बँड रिकामा नव्हता. शेवटी त्यानं अट घातली की फडकं पक्कं बांधलेलं हवं आणि बँडच्या तोंडून नाव येता कामा नये. सकाळी मंडपाच्या दारात त्यानं स्वतः ढोलावरच्या फडक्याची गाठ ओढून बघितली. चाचांनी त्याला आदब राखून सलाम केला.

मंडप खचाखच भरलेला. काळे गाऊन घातलेली पोरं, त्यांचे आईबाप, पहिल्यांदा विद्यापीठ बघायला आलेल्या आज्या. व्यासपीठावर आप्पासाहेब आणि प्रमुख पाहुण्या, नागपूरच्या एक निवृत्त न्यायमूर्ती बाई. मी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी उभी, गळ्यात ओळखपत्र.

मिरवणूक दाराशी आली. सलामी झाली. ठोका पडला.

“आपकी खिदमत में हाजिर है,” उजमाचा आवाज मंडपभर घुमला, “शहागंज का मशहूर...”

काठी वर. ट्रंपेट ओठांना. आणि मग त्या अख्ख्या मंडपानं, पोरांनी, आईबापांनी, आज्यांनी, एका दमात असा आवाज केला की वरचं कापड हललं.

“सातमाळा.”

ठोका पडला, बँड वाजू लागला, आणि आप्पासाहेब उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डावीकडं, उजवीकडं, मागच्या रांगांकडं वळून वळून नमस्कार केले. एवढं प्रेम, ते पाहुण्यांना म्हणाले, एवढं प्रेम आपल्या विद्यापीठावर. मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. आयुष्यभर माणसानं ज्याची वाट पाहावी ते त्यांना मिळालं होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं.

न्यायमूर्ती बाई मात्र ढोलाकडं बघत होत्या. कुलगुरू स्थानापन्न झाल्यावर त्यांनी सरळच विचारलं, त्या ढोलावर फडकं का बांधलंय आणि सगळ्यांचे कोट उलटे का? आप्पासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शिवराजनं खाली पाहिलं. जनसंपर्काच्या नोकरीत अशा वेळी बोलायची वाक्यं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही मी बोलले नाही.

“सर, पोरं विद्यापीठाचं नाव नाही ओरडली,” मी म्हणाले. “बँडचं ओरडली. ते नाव त्यांच्याकडं आपल्या आधीपासून आहे. आपण नोटीस देऊन ते झाकायला लावलं, म्हणून लोक ओरडतात. त्यात क्लॅरिनेट वाजवतात ते माझे वडील आहेत.”

नोकरी गेली, असं मनात म्हटलं आणि मोकळं वाटलं. न्यायमूर्ती बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. आप्पासाहेबांनी शिवराजकडं पाहिलं. पण हा माणूस पंचायत समितीपासून वर आलेला. कायदा त्याला शिवराज सांगतो, गर्दी त्याला कोणी सांगावी लागत नाही. त्यांनी मंडपावरून एकदा नजर फिरवली, माइक हातात घेतला आणि बँडला व्यासपीठावर बोलावलं. फारूखचाचा आणि बाबा वर आले, उलट्या कोटांत, चपला पायऱ्यांशी काढून. आप्पासाहेबांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि जाहीर केलं की नोटीस मागं घेतली आहे, आजपासून विद्यापीठ या बँडला सातमाळा हे नाव वापरायची परवानगी देत आहे.

टाळ्या सुरू झाल्या. चाचांनी मान लववली. सगळं गोड झालं असतं. पण बाबा हलले नाहीत. त्यांनी माइककडं हात केला आणि आप्पासाहेबांना तो द्यावा लागला.

“परवानगी नको साहेब,” बाबा म्हणाले. शब्द स्वच्छ येत होते. “हे नाव माज्या बापानं आन् याच्या बापानं ठेवलं. सोयगावात. तवा हितं नुसता माळ व्हता. तुमी ते नाव घेतलं, चांगलं केलं. आमची पोरं त्याच नावाखाली शिकत्यात, माजी पोरगी हितंच कामाला हाय. तुमी वापरा. आमची काय हरकत नाय.”

क्षणभर कोणाला कळलंच नाही की परवानगी कोणी कोणाला दिली. मग मागच्या रांगेतल्या एका आजीला कळलं आणि ती टाळ्या वाजवत उभी राहिली. तिच्यामागून सगळा मंडप उभा राहिला. गाऊन घातलेली पोरं खुर्च्यांवर चढली. शिवराजनं एका हातानं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हातानं खुर्चीच्या पाठीवर ताल धरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आप्पासाहेब बाबांकडं बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. ते हसत होते. क्रांती चौकात जे हसू आलं नव्हतं ते आता सगळं एकदम आलं असावं, कारण त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हसत हसतच ते म्हणाले, असं तोंडी चालत नाही हो, आमचा शिवराज ऐकणार नाही, हरकत नाही हे लिहून द्या.

फारूखचाचांनी बाबांच्या हातातून माइक घेतला.

“लिहून कशाला साहेब,” ते म्हणाले. “वाजवून देतो.”

ढोलावरचं फडकं निघालं. सगळ्यांनी भर व्यासपीठापुढं कोट काढून सुलटे घातले आणि जरीतलं नाव बाहेर आलं. उजमानं माइक उचलला, पण तिला बोलायची गरजच पडली नाही. मंडप ओरडला, आप्पासाहेब ओरडले, आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र घातलेली मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. बाबांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. त्यांच्या तोंडावरचं हसू आवरत नव्हतं, ओठ जागेवर येईनात, म्हणून पहिला सूर चुकला. एवढ्या गोंगाटात तो कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्या लक्षात आला, आणि इतका गोड सूर मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.